उंचांच्या अंगणात

बास्केटबॉलच्या मैदानावर रिंगखाली एक रंगवलेला आयत असतो. खेळाडू त्याला ‘पेंट’ म्हणतात. रिंग ३.०५ मीटर उंचीवर, आणि तिच्या राखणीला उभे असलेले गडी सात फुटांच्या आसपासचे. त्यांनी टाचा न उचलता नुसता हात वर केला तरी बोटं रिंगच्या काठापासून वीतभरच खाली राहतात. अमेरिकेच्या एनबीएमध्ये हा आयत म्हणजे उंचांचं अंगण. ठेंगण्या खेळाडूंनी बाहेर राहावं, चेंडू वर आणावा, पास द्यावा, लांबून नेम धरावा. आत शिरलंच तर चेंडू थोपटून प्रेक्षकांत उडवला जाईल, एवढी मनाची तयारी ठेवावी.

२००५-०६ च्या मोसमात सॅन अँटोनिओ स्पर्स संघाचा एक फ्रेंच खेळाडू रोज रात्री या अंगणात शिरत होता. उंची सहा फूट दोन इंच, म्हणजे १.८८ मीटर. एवढा माणूस आपल्या एसटीत मान वाकवून चढेल, पण त्या मैदानावर तो ठेंगणाच. त्या मोसमात टोनी पार्करने मारलेल्या दर शंभर शॉट्सपैकी जवळजवळ पंचावन्न रिंगमधून गेले. रिंगला लोंबकळून चेंडू आत कोंबणाऱ्या सेंटरला शोभेल असा हा आकडा आहे. गार्ड म्हणून खेळणाऱ्याला पंचेचाळीस मिळाले तरी प्रशिक्षक खूश असतात. त्यातही पार्करचे गुण बाहेरून मिळवलेले नव्हते. त्यांतला मोठा वाटा त्या रंगवलेल्या आयतातला होता.

हे त्याने कसं जमवलं ते आधी पाहू. ते कळलं की बाकीची कारकीर्द समजायला सोपी जाते.

आत शिरणारा खेळाडू साधारणपणे लेअप करतो. दोन पावलं टाकायची, रिंगजवळ उडी घ्यायची आणि चेंडू बोर्डवर अलगद टेकवायचा. उंच बचावपटूला हे सगळं पाठ असतं. कुठल्या पावलावर उडी येणार, चेंडू कुठे टेकणार, हे जाणून तो आपली उडी राखून ठेवतो. पार्कर त्या ठरलेल्या क्षणाच्या आधीच चेंडू सोडायचा. रिंग अजून तीन मीटर लांब असताना, धावता धावता, एका पायावर उडून, एका हाताने, जवळजवळ सरळ वर. समोरचा अजून गुडघे वाकवत असतो तोवर चेंडू त्याच्या बोटांवरून निघून गेलेला असतो. वर जाऊन क्षणभर थबकल्यासारखा वाटतो आणि जाळीतून खाली उतरतो. या शॉटला ‘फ्लोटर’ म्हणतात. दुसरं नाव ‘टिअरड्रॉप’, म्हणजे अश्रूचा थेंब.

पाहताना तो सोपा वाटतो, करायला अतिशय अवघड आहे. अंगात पळण्याचा सगळा वेग भरलेला असतो आणि तो चेंडूत उतरू द्यायचा नसतो. पाय सुसाट आणि मनगट मऊ. भरलेली घागर घेऊन धावत सुटावं आणि पाणी हिंदकळू नये, अशातली गोष्ट. शिवाय बोर्डचा आधार नाही, थांबून नेम धरायला वेळ नाही. हा शॉट पार्करच्या आधीही होता, पण तो इतक्या सातत्याने, इतक्या मोठ्या सामन्यांत वापरून एका खेळाडूने त्यावर घर बांधावं, हे क्वचितच घडलं होतं. लहानपणी अंगाने किरकोळ असलेल्या मुलाला मोठ्यांच्या हातांवरून चेंडू काढायचा होता, त्यातून हा शॉट त्याच्या हाती आला.

ते लहानपण फ्रान्समधलं, पण जन्म फ्रान्समधला नाही. १७ मे १९८२ रोजी तो बेल्जियममधल्या ब्रूज शहरात जन्मला. वडील, त्यांचंही नाव टोनी पार्कर, शिकागोचे आफ्रिकन-अमेरिकन. लोयोला विद्यापीठाकडून खेळून पुढे युरोपात व्यावसायिक बास्केटबॉल खेळायला आलेले. आई पामेला फायरस्टोन मूळची हॉलंडची, मॉडेल म्हणून काम केलेली. खेळणाऱ्या बापाचं बिऱ्हाड क्लबबरोबर हलत असतं, तसं हेही हललं आणि फ्रान्सच्या उत्तरेकडे, नॉर्मंडीत मुलं वाढली. टोनी थोरला, त्याच्यामागे टीजे आणि पियेर. टोनीचं पहिलं वेड फुटबॉलचं. सुट्टीत आजोळच्या नव्हे, बापाच्या गावी, शिकागोला जाणं व्हायचं, आणि त्या काळात शिकागोत मायकेल जॉर्डन खेळत होता. फुटबॉल मागे पडला.

पुढचा टप्पा ‘इन्सेप’. पॅरिसच्या पूर्वेला वँसेनच्या वनात ही सरकारी क्रीडासंस्था आहे. देशभरातून निवडलेली मुलं इथे राहतात, शिकतात आणि दिवसातून दोन-दोनदा सराव करतात. बास्केटबॉलच्या मुलांचा संस्थेचा स्वतःचा संघ आहे आणि तो आपल्या वयाच्या मुलांशी न खेळता प्रौढांच्या खालच्या विभागातल्या लीगमध्ये खेळतो. सोळा-सतरा वर्षांची पोरं तिशीतल्या, कोपर मारायला न लाजणाऱ्या गड्यांपुढे उभी राहतात आणि बरेचदा हरतात. हरणं हा त्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते, कारण आपल्याकडे वयोगटाच्या स्पर्धांत ढाल उंचावणारी मुलं पुढे कुठे जातात, हे आपण पाहतोच.

इन्सेपमध्ये पार्करला बोरिस दिऑ भेटला. दिऑची आई एलिझाबेथ रिफिऑ ही फ्रान्सच्या महिला बास्केटबॉलमधली मोठी खेळाडू, वडील सेनेगलचे उंच उडी मारणारे. रॉनी तुरियाफही तिथेच होता. पुढे तिघेही एनबीएत खेळले. पार्कर आणि दिऑ यांची मैत्री तर पंधरा वर्षांनी एका संघात, एका विजेतेपदापर्यंत येऊन पोहोचली. २००० साली क्रोएशियातल्या झादारला झालेली अठरा वर्षांखालील युरोपियन स्पर्धा फ्रान्सने जिंकली आणि पार्कर तिचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला जगभरातल्या निवडक तरुणांचा संघ अमेरिकन तरुणांशी खेळला. त्या सामन्यात पार्करने २० गुण आणि ७ असिस्ट, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, केले. अमेरिकन विद्यापीठांनी त्याला बोलावणी धाडली. तो गेला नाही. १९९९ पासून तो पॅरिसच्या क्लबकडून व्यावसायिक खेळत होता. तिथेच राहिला आणि दोन वर्षांनी थेट एनबीएच्या निवडीत, म्हणजे ‘ड्राफ्ट’मध्ये, उतरला.

इथे एक अडचण होती. युरोपियन खेळाडू एनबीएला नवे नव्हते, पण अमेरिकन क्लबांच्या मनात त्यांचा एक साचा होता: उंच, बाहेरून अचूक नेम असलेला, तंत्रात पक्का, अंगाला अंग भिडलं की जरा कच्चा. पार्कर खेळायचा ती जागा पॉइंट गार्डची. हा खेळाडू चेंडू वर आणतो, कुठली चाल खेळायची ते ओरडून सांगतो, वयाने नि मानाने मोठ्या खेळाडूंना जागा दाखवतो. ही जागा म्हणजे संघाचा कारभारी. शिकागो, न्यूयॉर्कच्या गल्लीतल्या सिमेंटच्या कोर्टांवर घडलेल्या पोरांची ती मिरास, असं लीग मानत होती. फ्रान्समधून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा अमेरिकन संघाचा कारभार करणार, हे गळी उतरत नव्हतं.

स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांच्याही गळी उतरलं नाही. चाचणीसाठी पार्कर विमानाने आला आणि त्याच्यासमोर क्लबने लान्स ब्लँक्स या आपल्या निरीक्षकाला उभं केलं. ब्लँक्स स्वतः एनबीएत खेळलेला. त्याने या मुलाला इतकं ढकललं, रेटलं, दाबलं की दहाएक मिनिटांतच पोपोविच यांचं मन भरलं. मुलगा मऊ आहे, याला परत पाठवा, अशी त्यांची धारणा झाली. गोष्ट तिथेच संपायची. पण क्लबच्या माणसांनी त्याच्या सामन्यांची चित्रफीत त्यांच्यापुढे ठेवली, पोपोविच यांनी ती पाहिली आणि दुसरी संधी दिली. दुसऱ्या वेळी समोर काय येणार हे पार्करला ठाऊक होतं. त्याने सगळ्यांना चकित केलं.

२००१ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत अठ्ठावीस नावं पुकारली गेली. पार्करचं नाव अठ्ठाविसावं. त्याच रात्री तिसऱ्या क्रमांकावर एका स्पॅनिश खेळाडूची निवड झाली होती, सात फुटी पाऊ गसोल. हे नाव लक्षात ठेवावं. पुढची पंधरा वर्षं ते पार्करच्या वाटेत उभं राहणार आहे.

पहिल्या मोसमात पार्कर ७७ सामने खेळला आणि त्यांतल्या ७२ सामन्यांत पहिल्या पाचात होता. एकोणीस वर्षांचा पॉइंट गार्ड, संघात टिम डंकनसारखा त्या काळातला सर्वोत्तम मोठा खेळाडू. डंकन त्या पहिल्या वर्षात आपल्याशी जवळजवळ बोललाच नाही, असं पार्करने पुढे अनेकदा सांगितलं आहे. पोपोविच बोलायचे, आणि ते फार ऐकवायचे. बाकीच्यांसमोर या मुलाला ते जितकं झापत तितकं कुणालाच नाही. मुलगा खाली मान घालून ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी सरावाला पुन्हा उभा राहायचा.

२००३ साली स्पर्सनी विजेतेपद मिळवलं. अंतिम फेरीत समोर न्यूजर्सी नेट्स होते आणि त्यांचा पॉइंट गार्ड होता जेसन किड, त्या जागेवरचा त्या काळचा मोठा माणूस. पार्कर तेव्हा एकवीस वर्षांचा. अटीतटीच्या सामन्यांच्या शेवटी पोपोविच त्याला बसवून राखीव स्पीडी क्लॅक्सटनला उतरवत. विजेतेपद हाती आलं आणि त्याच उन्हाळ्यात क्लबने किडला आपल्याकडे आणण्याची उघड खटपट सुरू केली. जिंकून आलेल्या पोराला घरी आल्यावर कळावं की त्याच्या जागेसाठी दुसरा बघतायत, तसं झालं. किड शेवटी न्यूजर्सीतच राहिला. पार्करने बोलून दाखवलं ते एवढंच, की मला ही जागा हवी आहे. पुढची पंधरा वर्षं ती त्याचीच होती.

२००५ साली डेट्रॉइट पिस्टन्सविरुद्ध सात सामन्यांची झुंज देऊन स्पर्स पुन्हा जिंकले. पण पार्करच्या खेळातलं भोक आता सगळ्यांना दिसत होतं. बाहेरून त्याचा नेम बेभरवशाचा होता. बचावपटू दोन पावलं मागे राहायचे, ‘मार बाबा बाहेरून’ म्हणायचे आणि आत जायची वाट बुजवायचे. त्या वर्षी स्पर्सनी चिप एंगेलंड या शूटिंग प्रशिक्षकाला आणलं. एंगेलंडने त्याचा शॉट मुळापासून उस्तरला आणि तीन गुणांचे शॉट जवळपास बंद करायला लावले. त्याऐवजी साडेचार-पाच मीटरवरून, थांबून, उडी घेऊन मारायचा साधा शॉट पक्का कर, असं ठरलं. सगळी लीग तीन गुणांच्या रेषेकडे सरकू लागली होती आणि एक तरणाबांड गार्ड त्या रेषेवरून आत येत होता. आता बचावपटूला मागे राहून चालेना. पुढे आला की पार्कर त्याच्या बाजूने निसटायचा, आणि मग तो थेंब. लेखाच्या आरंभी सांगितलेला शंभरातल्या पंचावन्नांचा मोसम याच बदलानंतरचा. त्याच मोसमात तो लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ‘ऑल-स्टार’ सामन्यात खेळला. तिथे निवडला गेलेला तो पहिला फ्रेंच खेळाडू.

त्याला साथ होती ती डंकनची आणि अर्जेंटिनाच्या मनू जिनोबिलीची. स्पर्सची नेहमीची चाल पाहायला साधी होती. डंकन पुढे येऊन पार्करच्या बचावपटूच्या वाटेत खांबासारखा उभा राहायचा. पार्कर त्याच्या खांद्याला घासून जायचा, इतक्या जवळून की मधून वारा जाऊ नये. बचावपटू डंकनला आदळला की एका क्षणासाठी दोघांविरुद्ध एक उरायचा. त्या एकाने पार्करला अडवलं तर चेंडू डंकनकडे, डंकनला धरलं तर थेंब. आणि तिसरा कुणी मदतीला धावला तर कोपऱ्यात जिनोबिली मोकळा. या तिघांनी मिळून नियमित मोसमांत ५७५ आणि त्यानंतरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांत, म्हणजे प्लेऑफमध्ये, १२६ सामने जिंकले. एनबीएत तिघांच्या कुठल्याही त्रिकुटाने एवढे विजय एकत्र मिळवलेले नाहीत. एक कॅरिबियन बेटावरचा, एक अर्जेंटिनाचा, एक फ्रान्सचा. तिघे वेगवेगळ्या समुद्राकाठचे आणि टेक्सासच्या कोरड्या मुलखात एकत्र म्हातारे झालेले.

२००७ ची अंतिम फेरी पार्करची. समोर क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स आणि पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलेला बावीस वर्षांचा लेब्रॉन जेम्स. स्पर्स ४-० ने जिंकले. पार्करचे गुण होते २७, ३०, १७ आणि २४, म्हणजे सरासरी साडेचोवीस, आणि शॉट्स शंभरात सत्तावन्नच्या घरात. त्याला फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं गेलं. युरोपियन खेळाडूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. ज्या जागेवर युरोपियन चालत नाही म्हणत होते, ती जागा खेळूनच त्याने हा मान मिळवला.

त्याचा सगळ्यात मोठा आकडा पुढच्या वर्षीचा आहे. ५ नोव्हेंबर २००८, मिनेसोटाविरुद्ध, दोन जादा डाव खेळून ५५ गुण. पण मला विचाराल तर पार्कर पाहायचा असेल त्याने ६ जून २०१३ चा सामना शोधावा. मायामी हीटविरुद्ध अंतिम फेरीचा पहिला सामना. आपल्याकडे तेव्हा ७ जूनची सकाळ होती, आणि सामना संपायच्या सुमारास लोक कामाला निघाले होते. स्पर्स दोन गुणांनी पुढे. शॉट मारायला मिळणारे चोवीस सेकंद संपत आले आहेत आणि चेंडू पार्करकडे आहे. तो डावीकडे जातो, उजवीकडे जातो, वाट नाही. पाय घसरतो, एक गुडघा जमिनीला टेकतो, तरीही हातातला चेंडू उसळत राहतो. तो उठतो, तर समोर लेब्रॉन जेम्स, त्याच्यापेक्षा जवळजवळ अर्ध्या फुटाने उंच. पार्कर शॉट मारल्याचा आव आणतो, त्याच्या हाताखालून वाकून पुढे येतो आणि चेंडू सोडतो. घड्याळात सेकंदाचा दहावा भाग उरला होता. चेंडू बोर्डला लागतो, रिंगवर खेळतो, आत पडतो. ९२-८८. पंचांनी चित्रफीत पुन्हा पाहून खात्री केली. त्या सामन्यात सगळा वेळ चेंडू हाताळून पार्करने तो एकदाही गमावला नव्हता.

ती फेरी मात्र स्पर्सनी गमावली, आणि फार जिव्हारी लागेल अशी गमावली. सहाव्या सामन्यात अर्धं मिनिट उरलं असताना ते पाच गुणांनी पुढे होते. करंडक देण्यासाठी मैदानाभोवती दोर बांधायला सुरुवात झाली होती. रे ॲलनने कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट टाकून बरोबरी केली तेव्हा पाच सेकंद उरले होते. जादा डावात हार, सातव्या सामन्यातही हार. मांडीचा स्नायू दुखावलेल्या पार्करचे सातव्या सामन्यात बारापैकी तीनच शॉट लागले.

इतर कुणी असता तर त्या उन्हाळ्यात पाय वर करून पडला असता. पार्कर तीन महिन्यांत स्लोव्हेनियाला, युरोपियन चॅम्पियनशिपला गेला.

इथे स्पेनची गोष्ट सांगायला हवी. एनबीएचे खेळाडू उन्हाळ्यात देशासाठी खेळायला टाळाटाळ करतात, आणि त्यांची कारणं खोटी नसतात. नऊ महिन्यांत ऐंशीहून जास्त सामने झालेले असतात, कोट्यवधींचा करार शरीरावर अवलंबून असतो, क्लब नाखूश असतो. पार्कर मात्र जवळपास दर स्पर्धेला हजर असायचा. २००५ साली बेलग्रेडला फ्रान्सने कांस्यपदक मिळवलं ते स्पेनला हरवूनच. १९५९ नंतरचं ते फ्रान्सचं पहिलं युरोपियन पदक. त्यानंतर चित्र उलटलं. २००९ च्या युरोपियन स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत स्पेनकडून हार. २०११ ला अंतिम फेरी गाठली, तिथे स्पेनकडून हार. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला तर तो डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून खेळला, कारण दीड-दोन महिने आधी न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये दुसऱ्यांच्या भांडणात उडालेली काच त्याच्या डोळ्यात गेली होती. उपांत्यपूर्व फेरी, पुन्हा स्पेन, पुन्हा हार. बहुतेक वेळा मधल्या जागेवर पाऊ गसोल उभा असायचा, ड्राफ्टच्या रात्रीचा तो तिसऱ्या क्रमांकाचा.

२०१३ ला ल्युब्लियानात उपांत्य सामन्यात पुन्हा स्पेनच समोर आलं. या वेळी पाऊ संघात नव्हता, त्याचा धाकटा पण तितकाच दांडगा भाऊ मार्क होता. मध्यंतराला फ्रान्स चौदा गुणांनी मागे. ज्यांनी आधीची चार वर्षं पाहिली होती त्यांना पुढचं सगळं ठाऊक असल्यासारखं वाटलं असेल. पण दुसऱ्या अर्धात पार्कर परत परत आत शिरत राहिला. फ्रान्सने बरोबरी साधली, जादा डाव झाला आणि ७५-७२ असा सामना निघाला. त्यांतले ३२ गुण एकट्या पार्करचे. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात लिथुएनियाचा ८०-६६ असा पराभव झाला. पदकं फ्रान्सने १९३७ पासून मिळवली होती, सुवर्णपदक हे पहिलं. पार्कर स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. मायामीतल्या सातव्या सामन्याला तेव्हा फक्त तीन महिने झाले होते.

पुढच्या जूनमध्ये तेच मायामी पुन्हा अंतिम फेरीत आलं आणि स्पर्सनी त्यांना ४-१ असं हरवलं. पार्करचं हे चौथं विजेतेपद. त्या संघात बोरिस दिऑ होता, आणि पहिल्या पाचातला त्याचा वाटा पाहून जुने प्रेक्षक हरखून गेले. चेंडू हातात राहतच नव्हता, एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे फिरत होता. इन्सेपच्या वसतिगृहातली दोन मुलं टेक्सासमध्ये एक करंडक धरून उभी होती.

स्पेनचा हिशेब काही फिटला नाही. २०१५ ची युरोपियन स्पर्धा फ्रान्समध्ये होती. लील शहराच्या फुटबॉल स्टेडियममध्ये सव्वीस हजारांवर प्रेक्षक, घरचा संघ गतविजेता. पाऊ गसोल परत आला होता. त्याने एकट्याने ४० गुण केले आणि जादा डावात फ्रान्सला हरवलं. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत स्पेनने ९२-६७ असा दणका दिला आणि पार्करची राष्ट्रीय कारकीर्द तिथे थांबली. शेवटचा सामनाही स्पेनशीच.

मे २०१७. ह्यूस्टनविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात तो नेहमीसारखा आत शिरून एक थेंब टाकतो आणि खाली येताना मांडी धरून कोसळतो. गुडघ्यावरच्या मोठ्या स्नायूचा कंडरा तुटला होता. पस्तिशीच्या उंबरठ्यावर, सगळा खेळ वेगावर आणि एका पायावरच्या उडीवर उभा असलेल्या माणसाला ही दुखापत म्हणजे शेवट, असं बहुतेकांनी धरलं. तो नोव्हेंबरात परतला. पण जानेवारी २०१८ मध्ये पोपोविच यांनी त्याच्याशी बोलणं केलं: पहिल्या पाचातली जागा आता एकवीस वर्षांच्या डेजॉन्टे मरेला द्यावी. पार्करने ते मान्य केलं आणि मरेला लागेल ती मदत करीन असं जाहीरपणे सांगितलं. २००३ च्या उन्हाळ्यात जी जागा राखण्यासाठी तो हटून बसला होता, तीच ही. ती मिळवण्याइतकीच ती देण्याची त्याची रीत मला मोठी वाटते. पुढच्या मोसमात तो शार्लट हॉर्नेट्सकडून ५६ सामने खेळला आणि जून २०१९ मध्ये त्याने खेळणं थांबवलं. नोव्हेंबरात स्पर्सनी त्याची ९ क्रमांकाची जर्सी छताला टांगली. तो क्रमांक तिथे आता कुणाला मिळणार नाही.

खेळत असतानाच त्याने दुसरं काम सुरू केलं होतं. लीयों शहराला लागून व्हिलरबान आहे, आणि तिथला ‘आस्वेल’ हा फ्रेंच बास्केटबॉलमधला जुना, मानाचा क्लब. २००९ मध्ये पार्करने त्यात भागीदारी घेतली. २०११ मध्ये मालक-खेळाडूंच्या वादात एनबीए बंद पडली तेव्हा तो नाममात्र पगारावर आस्वेलकडून खेळायला उतरला आणि आपल्या विम्याचा खर्चही त्याने स्वतःच उचलला. २०१४ मध्ये तो क्लबचा मुख्य मालक नि अध्यक्ष झाला. त्याच्या अध्यक्षपदाखाली आस्वेलने २०१६, २०१९, २०२१ आणि २०२२ साली फ्रेंच विजेतेपद मिळवलं. शेवटची दोन मिळाली तेव्हा प्रशिक्षक होता त्याचा धाकटा भाऊ टीजे. लीयोंच्या महिला संघाचा कारभारही त्याने हाती घेतला आणि २०१९ साली तो संघही देशात पहिला आला. त्याच शहरात त्याने एक अकादमी उभारली. तिथे बास्केटबॉलबरोबर शाळा आणि नोकरीचं शिक्षणही आहे, कारण आलेल्या मुलांपैकी फार थोडी व्यावसायिक खेळाडू होणार, हे इन्सेपमध्ये राहिलेल्या माणसाला पक्कं ठाऊक आहे.

१२ ऑगस्ट २०२३ रोजी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, जिथे १८९१ साली या खेळाची पहिली टोपली सज्जाच्या कठड्याला ठोकली गेली, तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये पार्करला स्थान मिळालं. तो मान मिळवणारा पहिला फ्रेंच खेळाडू. त्याच संध्याकाळी त्याच्याबरोबर आणखी काही जणांचा सन्मान झाला. त्यात दहा मिनिटांत त्याला परत पाठवायला निघालेले ग्रेग पोपोविच होते, आणि पाऊ गसोलही होता.

त्याच्या दोन महिने आधी स्पर्सनी ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर पुन्हा एका फ्रेंच मुलाला घेतलं होतं. एकोणीस वर्षांचा विक्टर वेम्बान्यामा, एक मोसम पार्करच्या आस्वेलकडून खेळलेला. त्याची उंची २.२४ मीटर. आणि पेंटमध्ये उभं राहण्याऐवजी तो बाहेर येतो, ड्रिबल करत, लांबून नेम धरत.